खडूच्या चार खुणा

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आमच्या घरात चकलीचा सोऱ्या नेमका कोणत्या खोक्यात गेला याचा शोध चालू असेल. नारायण पेठेतला आमचा वाडा दिवाळीनंतर पाडायचा आहे. या पानाचे जुने वाचक त्या वाड्याला ओळखतात. त्याच्या कौलांवरच्या गवतापासून मोरीतल्या शेवाळापर्यंत साऱ्यांवर माझे इथे लिहून झाले आहे. आता त्या जागी सात मजली इमारत उठणार आणि ती होईपर्यंत आम्ही कोथरूडला भाड्याच्या जागेत राहणार. कागदांवर सह्या झाल्या, चहा झाला, मंडळी उठली, आणि तेवढ्यात आमच्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आईने विचारले, "आणि माझा अनंत?"

बिल्डरच्या माणसाला वाटले, वारसांपैकी कुणी अनंत सही करायचा राहून गेला. तो बिचारा पुन्हा पहिल्यापासून कागद चाळू लागला.

अनंत म्हणजे आमच्या विहिरीकाठचे झाड. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. मला आठवते ते एवढेच, की आईने मला कडेवर घट्ट धरले होते आणि तिचे हात ओले होते. पाणी ओसरल्यावर चौकात गुडघाभर गाळ उरला. मागचा सोपा कोसळला होता, भांडीकुंडी वाहून गेली होती. त्या गाळात आईने कुणाकडून तरी आणलेली अनंताची एक फांदी खोचली. घर आवरायचे सोडून हिला हे काय सुचले, असे आजी म्हणाली म्हणतात. ती फांदी जगली. साठांहून अधिक पावसाळे तिने पाहिले आणि आता तिची मुळे विहिरीच्या कठड्याच्या दगडांत अशी शिरली आहेत की झाड हलवायचे तर विहीर हलवावी लागेल. म्हणून फाटे घेऊन नवे रोप करायचे ठरले. ते काम अर्थातच माझ्याकडे आले. चौतीस वर्षे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवल्यावर दुसऱ्या कुणाकडे जाणार?

मृगाचा पहिला पाऊस झाला तसे मी बारा फाटे कापले. नर्सरीतून मुळे फुटण्याची पावडर आणली आणि थोडीथोडकी नव्हे, बुडाला चांगला पांढरा थर बसेपर्यंत लावली. आईचे झाड, तेव्हा कंजुषी नको! तीन आठवड्यांनी पाहतो तो बाराही फाट्यांची बुडे सुजून काळी पडलेली. दोहोंना बोराएवढ्या गाठी आल्या होत्या, मूळ मात्र औषधालासुद्धा नव्हते. आई पडवीत बसून पाहत होती. म्हणाली, "चौतीस वर्षं हेच शिकवलंस ना रे?"

आता मी खडूकडे वळतो.

वाडा रिकामा करायचा तर साठ वर्षांचे सामान हलके करणे आले. आमच्या सौ.नी त्यासाठी एक पद्धत काढली. जी वस्तू भंगारवाल्याला द्यायची तिच्यावर खडूने फुली मारायची. पण एका फुलीवर भरवसा नाही, कारण नातवंडेही खडू घेऊन हिंडत असतात. म्हणून नियम असा, की वस्तूवर ओळीने चार फुल्या दिसल्या तरच ती हातगाडीवर चढायची. आणि मी, वाचकहो, रात्री सगळे झोपल्यावर बोट ओले करून माझ्या जुन्या सूक्ष्मदर्शकावरच्या फुल्या पुसत असे. सकाळी त्या परत उमटत. दसऱ्यापर्यंत हे युद्ध चालले होते.

गंमत अशी की, अगदी हाच कारभार अनंताच्या प्रत्येक पेशीत चालतो, फुल्या पुसणाऱ्यासकट.

पेशी म्हणजे प्रथिनांचे घर. तिथली सगळी कामे प्रथिने करतात, आणि पेशी ती सतत नवी घडवत असते. घडवण्याचे शास्त्र विसाव्या शतकाच्या मध्यावर उलगडू लागले आणि सगळ्यांचे डोळे तिकडे लागले. मोडण्याकडे कोण पाहतो? प्रथिने जुनी होतात, झिजतात, जातात, असे समजून विद्वान मंडळी पुढे गेली. खटकणारी गोष्ट एकच होती. पेशीतली प्रथिने मोडताना शक्ती खर्ची पडत होती. अन्न पचवताना आपल्या पोटात प्रथिने मोडतात, त्या मोडण्याला असा खर्च येत नाही. मग इथे कशाला? (आमचा वाडा पाडायला किती खर्च येणार आहे तो आकडा ऐकल्यावर मला मात्र या गोष्टीचे नवल वाटेनासे झाले आहे. धडाधड पाडणे स्वस्त. शेजारच्या भिंतीला धक्का न लावता नेमके तेवढेच पाडणे महाग.)

हे कोडे इस्रायलमधल्या हैफा शहरी अव्राम हर्शको आणि आरॉन सिकॅनोव्हर यांनी, फिलाडेल्फियाच्या अर्विन रोझ यांच्या साथीने, १९८० च्या सुमारास सोडवले. तिघांना २००४ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांना सापडले ते असे: जे प्रथिन मोडायचे त्याला पेशी आधी एक खूण चिकटवते. ही खूण म्हणजेही एक चिमुकले प्रथिन, अवघ्या ७६ अमायनो आम्लांचे. नाव युबिक्विटिन. लॅटिन भाषेत 'सर्वत्र' अशा अर्थाच्या शब्दावरून ते आले, आणि ते खरोखरच सर्वत्र आहे. झाडातले युबिक्विटिन आणि माणसातले युबिक्विटिन शेजारी ठेवले तर ७६ पैकी फक्त तीन ठिकाणी फरक दिसतो. आई आणि तिचा अनंत यांच्यात एवढेच अंतर, निदान या बाबतीत!

एका खुणेवर सहसा भागत नाही. एकीला दुसरी, दुसरीला तिसरी अशी निदान चार खुणांची साखळी झाली, म्हणजे त्या प्रथिनाची रवानगी एका पिंपात होते. सात-सात मण्यांची चार कडी एकावर एक रचल्यासारखे हे पिंप असते आणि त्याची धार आतल्या बाजूला असते, म्हणून शेजारच्या निरपराध प्रथिनांना इजा होत नाही. दारातच खुणा काढून घेतल्या जातात, कारण त्या पुढच्याला लावायच्या असतात. मग प्रथिनाची घडी उलगडून त्याला आत ओढतात आणि त्याचे तुकडे तुकडे करतात. चुकून खूण लागलेल्यांना वाचवणारी, खुणा पुसणारी प्रथिनेही पेशीत आहेत. हे वाचले तेव्हा मला फार बरे वाटले. सौ.ना वाचून दाखवले. त्यांना तितकेसे वाटले नाही.

आता तुम्ही म्हणाल, भंगार काढणे हे घर चालवण्याचे काम. त्यात झाडाच्या वाढीचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो सांगण्यासाठी मला एक जुनी चूक कबूल करावी लागेल.

कांद्याच्या मुळाची स्लाइड ज्यांनी कॉलेजात केली असेल त्यांना तो सगळा सोहळा आठवेल. पाण्याने भरलेल्या बाटलीच्या तोंडावर कांदा बसवायचा, तीन दिवसांत पांढरीशुभ्र मुळे लोंबू लागतात. त्यांची टोके कापून, आम्लात मऊ करून, लाल रंगात बुडवून काचेवर ठेवायची आणि वर टिपकागद धरून अंगठ्याने दाबायची. काचा फुटत, बोटे रंगत. मग सूक्ष्मदर्शकाखाली पेशीविभाजनाच्या पायऱ्या शोधायच्या. कांद्याची सोळा गुणसूत्रे, प्रत्येकाची जुळी प्रत तयार होऊन दोन्ही एकमेकींना चिकटलेल्या. सगळी पेशीच्या मध्यावर रांगेत येतात, दोन्ही टोकांकडून धागे त्यांना लागतात, आणि मग जुळ्या विलग होऊन दोन बाजूंना निघतात. ही विलग होण्याची पायरी इतकी झटपट उरकते की स्लाइडवर ती क्वचितच सापडते. निम्मा वर्ग ती पुस्तकातून उतरवत असे. मला ते ठाऊक असे आणि मुलांनाही ते ठाऊक असे.

१९८६ साली मागच्या बाकावरच्या एका मुलीला ती पायरी खरोखर सापडली. तिने मला बोलावून दाखवली आणि विचारले, "सर, ह्यांना सोडतं कोण?" मी म्हटले, "धागे ओढतात." ती म्हणाली, "पण सर, धागे तर आधीपासूनच ओढताहेत. मग इतका वेळ थांबून सगळ्या एकदम कशा सुटतात?"

मी म्हटले, "ते अभ्यासक्रमात नाही."

वर्ग हसला. ती खाली मान घालून चित्र काढू लागली. खरे उत्तर 'मला ठाऊक नाही' हे होते, आणि त्याहून खरे उत्तर 'अजून कुणालाच ठाऊक नाही, तू शोध' हे होते. दोन्ही माझ्या तोंडून निघाली नाहीत. तिने पुढच्या वर्षी विषय बदलला. त्या एका वाक्यामुळेच बदलला असे म्हणण्याइतका मी स्वतःला मोठा समजत नाही. पण तसे नसेलच असेही मला कधी म्हणता आलेले नाही. आज ती पन्नाशीच्या पुढे असेल. हे साप्ताहिक तिच्या घरी येत असेल तर तिचे उत्तर पुढे देतो आहे, जवळजवळ चाळीस वर्षे उशिरा.

पहिला धागा तिच्या प्रश्नाआधीच सापडला होता, पण तो सागरी प्राण्यांत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर वुड्स होल नावाचे गाव आहे. तिथे १९८२ च्या उन्हाळ्यात टिम हंट हे इंग्रज संशोधक समुद्री अर्चिनची अंडी घेऊन बसले होते. फलित अंडे भराभर विभागते. हंट यांना दिसले, की एक प्रथिन साचत साचत जाते आणि ऐन विभाजनाच्या वेळी एकाएकी नाहीसे होते. मग पुन्हा साचते, पुन्हा नाहीसे. त्याला त्यांनी सायक्लिन म्हटले. विभाजनाची गाडी हाकणारे हेच. साचले की पेशी विभाजनाला लागते. पण ते मोडून काढल्याखेरीज विभाजन पुरे होत नाही. २००१ च्या नोबेल पारितोषिकात हंट यांचा वाटा होता. सायक्लिन झाडांतही आहे, कांद्यातही आणि अनंतातही.

खूण लावणारे कारकून अनेक असतात. त्यांपैकी विभाजनाच्या शेवटावर नजर ठेवणारा एक मोठा, अनेक प्रथिनांचा मिळून झालेला कारकून १९९५ साली सापडला. मग यीस्टवर काम करणाऱ्यांनी उरलेली कडी जोडली. जुळ्या गुणसूत्रांभोवती प्रथिनांची कडी असतात, ती त्यांना बांधून ठेवतात. ही कडी कापणारी कात्री पेशीत आधीपासून तयार असते, पण एका रखवालदाराने ती धरून ठेवलेली असते. शेवटच्या गुणसूत्राला दोन्हीकडून धागे लागल्याची खात्री पटली, की तो मोठा कारकून रखवालदारावर खुणा मारतो. रखवालदार पिंपात जातो, कात्री मोकळी होते, सगळी कडी एका क्षणी तुटतात. त्याच वेळी सायक्लिनवरही खुणा पडतात. बाईसाहेब, धागे ओढत होते हे तुमचे म्हणणे बरोबर होते. सोडणारे कुणी नव्हते. धरून ठेवणारा होता, आणि त्याला मोडून टाकले.

झाडांतला हा रखवालदार फार उशिरा, २०१९ साली ओळखू आला. त्याचे नाव पॅट्रोनस. नाव कुठून आले ते हॅरी पॉटर वाचलेल्या नातवंडांना विचारावे.

हे सारे प्राण्यांत आणि झाडांत बरेचसे सारखे. पण झाडांनी ही खुणांची विद्या जितकी वाढवली तितकी आपण वाढवली नाही. मोहरीच्या कुळातले अॅराबिडॉप्सिस नावाचे एक वीतभर तण आहे. २००० साली ज्याचा सारा जनुकसंच वाचून झाला असे ते पहिले झाड. कोणत्या प्रथिनावर खूण मारायची ते ओळखणाऱ्या एका विशिष्ट जातीच्या प्रथिनांची त्यात जवळजवळ ७०० जनुके निघाली. माणसात तशी ७० च्या आसपास. असे का? झाडाला पळता येत नाही, असा तर्क करतात. पाऊस लांबला, ऊन चढले, गाईने शेंडा खाल्ला, माळ्याने फांदी तोडली, तर जागेवर उभे राहूनच घरातली मांडामांड बदलावी लागते.

फांदी तोडली की काय होते ते आता पाहू. डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० च्या पुस्तकात दाखवले होते, की गवताच्या कोंबाचे टोक प्रकाश ओळखते आणि खाली काहीतरी निरोप पाठवते. तो निरोप १९२६ साली फ्रिट्स वेंट यांनी हॉलंडात उट्रेक्टला अगरच्या तुकड्यात पकडला. त्याला ऑक्झिन म्हणू लागले. १९३४ साली त्याच गावी शुद्ध ऑक्झिन मिळाले ते माणसाच्या लघवीतून. ही माहिती मी आईला दिलेली नाही. पण हे संप्रेरक पेशीला नेमके सांगते काय आणि कुणाच्या कानात, हे कळायला २००५ साल उजाडले. अमेरिकेत मार्क एस्टेल यांच्या आणि इंग्लंडात यॉर्कला ओटोलिन लेसर यांच्या प्रयोगशाळेत एकाच वेळी उत्तर मिळाले. ऑक्झिनचा कान म्हणजे खूण मारणारा कारकूनच निघाला!

वाढीची जनुके चालू करणारी प्रथिने पेशीत हजर असतात, पण त्यांच्यावर दडपण ठेवणारी दुसरी प्रथिने त्यांना बिलगून बसलेली असतात. कारकून त्यांच्या जवळून जातो, पण पकड बसत नाही. ऑक्झिनचा रेणू येऊन दोघांच्या मधल्या खाचेत खळीसारखा भरतो आणि पकड बसते. दडपणाऱ्यावर चार खुणा पडतात, तो पिंपात जातो, जनुके जागी होतात. सायक्लिन बनू लागते, विभाजनाला अडवणारे ब्रेक सैल होतात, आणि मुळाच्या गाभ्याभोवतीच्या थरातल्या निवांत पेशी विभागून नवे फाटे फोडू लागतात. अॅराबिडॉप्सिसच्या एका वाणात दडपणाऱ्या एका प्रथिनातले एकच अमायनो आम्ल बदललेले आहे. त्यावर कारकुनाची पकडच बसत नाही. त्या रोपट्याला एक सोटमूळ येते आणि त्याला आयुष्यभर एकही फाटा फुटत नाही. त्याचे नावच 'एकाकी मूळ'.

या ब्रेकांचीही मोडतोड होते, आणि तिच्याशी तुमच्या ताटाचा संबंध आहे. परागकणात एक पेशी विभागून दोन नरपेशी व्हाव्या लागतात. त्या विभाजनाचा ब्रेक काढणारा कारकून २००८ साली सापडला. तो नसलेल्या परागकणांत दोनाऐवजी एकच नरपेशी राहते. एकीने भागत नाही, कारण पहिलीने गर्भ होतो आणि दुसरीने त्या गर्भाची शिदोरी. तुमच्या चिवड्यातले पोहे आणि लाडवातला रवा म्हणजे बहुतांशी ही शिदोरीच. बेसन नव्हे, हरभऱ्याच्या दाण्यात ती शिदोरी गर्भाने आधीच खाऊन टाकलेली असते. (मास्तरांची खोड जात नाही.)

तर माझे बारा फाटे. शेंड्याकडून आणि पानांकडून ऑक्झिन खाली उतरते आणि कापलेल्या बुडाशी साचते. निसर्गतः तेवढ्यानेही अनेक झाडांना मुळे फुटतात. पावडरीत असते इंडोल ब्युटिरिक आम्ल. झाडात गेल्यावर त्याचेच ऑक्झिन होते. थोडे दिले तर मुळांना चालना मिळते. जास्त दिले तर पेशी विभागत राहतात, पण त्यांना मुळाचा आकार येत नाही, नुसती गाठ होते. आणखी दिले तर इथिलीन वायू सुटतो, पेशी मरतात, बूड काळे पडते. टू-फोर-डी हे तणनाशक याच कारकुनाला चिकटते. खरे ऑक्झिन झाड लवकर आवरून टाकते, ते त्याला आवरता येत नाही. रुंद पानांचे तण वेडेवाकडे वाढून मरते. थोडक्यात, मी आईच्या अनंतावर मायेने तणनाशकच घातले होते.

श्रावणात पुन्हा दहा फाटे घेतले. न फुललेल्या, अर्धवट पिकलेल्या काडीचे. पावडर नखाएवढी, तीही फुंकून. रेती आणि नारळाचा भुसा, वर उलटी पिशवी, पडवीची सावली. सौ.नी कुंड्यांवर खडूने मोठे वर्तुळ काढले. वर्तुळ म्हणजे हात लावू नये. मी सहा आठवडे कुंड्यांकडे पाहिलेसुद्धा नाही, असे मी सगळ्यांना सांगत असे.

नवरात्रात एक फाटा हलकेच ओढून पाहिला, तर त्याने मला परत ओढले. दहांपैकी चार जगले. एकाची माती झटकून मी आईच्या तळहातावर ठेवला. बोटभर लांबीची, कांद्याच्या मुळांसारखी पांढरी सहा मुळे होती. तिने चष्मा पुसून ती मोजली.

"फूल कधी येईल?"

"दोन-तीन वर्षं तरी लागतील," मी म्हटले.

"मग इथं सावलीत कशाला ठेवलायस?" ती म्हणाली, "आणि एक शेजारच्या सुनेला दे. ती रोज विचारून जाते."

मी एक कुंडी शेजारी देऊन आलो. उरलेल्या तीन टेंपोत सगळ्यांत शेवटी चढवायच्या आहेत, सूक्ष्मदर्शकाच्या खोक्याशेजारी.